होडीचं बूड ट्रेलरपासून कसं वाचवाल?

होडी गळायला लागली की सगळे आधी पाण्यातल्या खडकाला दोष देतात. माझी चौदा फुटी फायबरची होडी गळली ती ट्रेलरच्या एका बोल्टमुळे, पानशेतच्या वाटेवर. आधाराच्या फळीवरचं कार्पेट झिजलं होतं, खालचा बोल्ट डोकं वर काढून बसला होता. प्रत्येक खड्ड्याला त्याने थोडं थोडं कोरलं. फायबरवरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो गेला की पाणी आतल्या थरांत मुरतं.

तेव्हा आधी होडी उतरवून ठेवा आणि रिकाम्या ट्रेलरवरून जुनी बनियन फिरवा. फळ्या, रोलर, मडगार्ड, विंचचा (होडी ओढायच्या हातचरखीचा) खांब, काही सोडू नका. जिथे धागा अडकेल तिथे काहीतरी टोकदार आहे. फळीतल्या बोल्टसाठी लाकडात खाच करून डोकं सेंटीमीटरभर तरी आत बसवा. कार्पेटच्या पिना फळीच्या खालच्या अंगाला मारा, वर एकही नको. यू-बोल्टचे नटाबाहेर लांब आलेले आटे हॅकसॉने कापा, कानस मारा आणि वर रबरी टोपी चढवा.

रोलर बोटाने फिरवून बघा. गंजलेल्या पिनेवर अडकलेला रोलर होडी सरकवत नाही, खरवडतो. उन्हाने कडक होऊन चिरलेला असेल तर सरळ बदला, त्यात कंजुषी नको.

आता खडू घ्या. फळ्यांवर आणि रोलरवर चांगला घासा, होडी चढवा, पुन्हा उचला आणि बुडाखाली वाकून बघा. फळ्यांचे लांब सलग पट्टे उमटले तर छान. पट्ट्याऐवजी एकच गडद ठिपका दिसला तर सगळा भार तिथे येतोय. फळीची उंची किंवा कोन बदलून परत खडू लावा. मला तिसऱ्या खेपेला जमलं. मागे इंजिन लटकत असेल तर फळ्या होडीच्या मागच्या टोकापर्यंत पोचल्याच पाहिजेत, नाहीतर टोकाजवळचं बूड हळूहळू वाकतं. प्लॅस्टिकची होडी उन्हात मऊ पडते, ती सावलीतच ठेवा.

बांधताना नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पुढच्या रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत विंचने ओढा, मग मागे पट्टा. रॅचेट, म्हणजे पट्टा ताणायची दातेरी कळ, जीव खाऊन आवळू नका, कडा दबतात. होडीला धक्का दिल्यावर ट्रेलरही सोबत हलला की पुरे. पट्टा काठावरून वळतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, आणि रॅचेटचं लोखंड होडीला टेकू देऊ नका.

समुद्रावरून आल्यावर कार्पेट गोड्या पाण्याने धुवा. त्यात अडकलेली वाळू म्हणजे पॉलिश पेपरच.

निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरवर चहाला थांबा आणि पट्टे पुन्हा चाचपून बघा. तेवढ्यात ते सैल पडलेले असतात.