शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर कसं घालावं

आधी ठरवा, पाणी साठवायचंय की जिरवायचंय. जिरवायचं असेल तर अस्तराच्या वाटेला जाऊच नका. शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद केले आणि विहिरींना पाणी वाढलं, ते पाणी मुरू दिल्यामुळेच. पण पावसाळ्या-हिवाळ्यात विहिरीचं पाणी उपसून मे महिन्यातल्या केळीसाठी राखायचं असेल, तर कागद, म्हणजे अस्तराचं प्लास्टिक, हवाच. सातपुड्याच्या पायथ्याला, रावेर-यावल-चोपड्याकडे, दगडगोटे आणि वाळूची जमीन आहे. ती पाणी धरत नाही. तापीकाठची काळी माती धरते असं वाटतं, पण तळं आटलं की तिला भेगा पडतात आणि पुढच्या वेळचं पाणी तिथूनच वाट काढतं.

मापात बरेच जण चुकतात. समजा तळं वर 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, आणि उतार दर मीटर खोलीला दीड मीटर आत. तळ 21 बाय 21 राहतो, आणि काठोकाठ पाणी मावतं सुमारे 19 लाख 70 हजार लिटर. कागद मात्र 30 बाय 30 चा पुरत नाही. तिरकी बाजू 5.4 मीटर भरते. दोन बाजू आणि तळ मिळून 32, शिवाय काठावर दाबायला दोन्हीकडे दीड-दीड मीटर. म्हणजे 35 बाय 35 चा कागद.

जाडी 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर घ्या आणि आयएस 15351 या भारतीय मानकाचा शिक्का बघा. शिक्क्यावर थांबू नका. बरोबर एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा मागून तो काट्यावर ठेवा. 470 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. चारशेच्या खाली आला तर तो कागद 500 मायक्रॉनचा नाही, परत करा.

खरं काम कागद येण्याआधी होतं. खोदाईनंतर तळ आणि चारही बाजूंवरून अनवाणी चालून बघा. पायाला जे टोचतं ते पाण्याच्या वजनाखाली कागदालाही टोचणार. कपाशीची धसकटं, मुळ्या, टोकदार दगड वेचून काढा. हराळी आणि लव्हाळा गाठींसकट खणा, त्यांचे कोंब कागद भेदून वर येतात. मग चाळलेली बारीक माती किंवा वाळू पसरून, पाणी शिंपडून चोपा. इथे दोन दिवस जास्त गेले तरी जाऊ द्या. काठापासून अर्धा मीटर सोडून चारही बाजूंनी अर्धा मीटर खोल चर खणून ठेवा.

अख्ख्या कागदाचं वजन पावणेसहाशे किलोच्या घरात जातं, तेव्हा माणसं भरपूर बोलवा. वारा नसताना, सकाळी लवकर अंथरा. चपला-बूट काठावर काढायचे. कागद ताणू नका. खानदेशातलं ऊन त्याला फुगवतं आणि पौषातली थंडी आकसवते. दुपारी ताणून बसवलेला कागद पहाटे कोपऱ्यांवर ओढ घेतो आणि जोडावर फाटतो. थोड्या सुरकुत्या राहिल्या तर चांगलंच. कडा चरात सोडून त्यावर मातीची पोती ठेवा, चर लगेच बुजवू नका. हातभर पाणी भरलं की कागद तळाला चिकटून बसतो, मग चर मातीने भरून दाबा. पाइपची धार सरळ कागदावर पडू देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओला कागद इतका निसरडा असतो की चांगला पोहणाराही वर चढू शकत नाही. शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, म्हणून कुंपण हा कामाचाच भाग धरा. पैसे उरले तर करू, असं नको. पाणी भरायच्या आधी तारेची जाळी आणि कुलूप लागलं पाहिजे. चारही बाजूंनी, काठावरच्या खुंटाला बांधलेला, हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर तळापर्यंत सोडा. हवा भरलेली ट्यूब पाण्यावर तरंगती ठेवा. सालदाराच्या, पाहुण्यांच्या मुलांनाही दोर कुठे आहे ते दाखवा.

गाळ काढताना फावडं वापरू नका, घमेलं आणि हातच बरे. छोटं भोक पडलं तर जागा कोरडी-स्वच्छ करून त्याच कागदाचा तुकडा गरम हवेने जोडून घ्या; त्यासाठी उरलेला कागद जपून ठेवा. आणि दोर दर वर्षी जोर लावून ओढून बघा. नायलॉन उन्हाने विरतं. शंका आली की बदला.