भरतीसाठी पळताय? मग शूज असे पाहून घ्या

आमच्या इथं शाळेच्या ग्राऊंडवर पहाटे पाचच्या आधीच तीस-पस्तीस पोट्टे-पोट्ट्या जमा होतात, कोणी पोलीस भरतीवाले, कोणी अग्निवीरवाले, दोन-चार वनरक्षकवाले, अन् दर महिन्याला त्यातलं कोणी ना कोणी नडगी धरून पायरीवर बसलेलं दिसते. विचारलं तर म्हणते, "दादा, लय दुखते, पण मैदानी चाचणी जवळ आली ना, पळाच लागन." मी पहिले त्याचे शूज काढायला लावतो. बहुतेक वेळा एक तर ते लहान असतात नाहीतर मेलेले असतात. मेलेले म्हणजे वरून एकदम चांगले दिसतात, धुतलेले-पुसलेले, पण आतला फोम दबून पापड झालेला असतो अन् दणका सगळा हाडाला जातो.

माझ्यासोबत हे झालेलं आहे म्हणून जीव तोडून सांगतो. मी तयारी करत होतो तेव्हा बाजाराच्या दिवशी साडेसहाशे रुपयांचे घेतले होते, फर्स्ट कॉपी, वर मोठ्या कंपनीचं चिन्ह. बोटं पुढं टेकत होती, दुकानदार म्हणाला "घाल घाल, सैल होते वापरून." तीनच हप्त्यात डाव्या नडगीच्या आतून ठणका सुरू झाला, डॉक्टरनं दीड महिना पळणं बंद करायला लावलं अन् त्या दीड महिन्यातच मैदानी निघून गेली. सगळा दोष शूजवर टाकत नाही, कारण मी त्याच वेळी रोजचं अंतर तीन किलोमीटरवरून एकदम सहावर नेलं होतं, अन् दुखणं असंच येते, वाढवलेलं अंतर अन् खराब शूज दोन्ही मिळून.

तर पहिली गोष्ट माप. दुकानात नंबर सांगून शूज घेऊ नका, कारण एका कंपनीचा 8 नंबर दुसरीच्या साडेसात एवढा निघतो. घरीच रात्री जेवणाच्या आधी, म्हणजे दिवसभर वावरात नाहीतर कॉलेजात फिरून पाय थोडा फुगलेला असतो तेव्हा, भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा अन् दुसऱ्या कोणाला तरी पेननं खूण करायला सांगा. आपणच वाकून खूण केली की वजन सरकते अन् माप चुकते. दोन्ही पायांचं घ्या, कारण जवळजवळ सगळ्यांचाच एक पाय थोडा मोठा असतो, अन् शूज त्या मोठ्या पायाचा घ्यायचा. काही जणांचं अंगठ्याच्या बाजूचं बोट अंगठ्याहून लांब असते, मग माप त्या बोटापर्यंत. तो कागद घडी करून खिशात ठेवा अन् दुकानात घेऊन जा.

दुकानात गेल्यावर शूजच्या आतला सुकतळा बाहेर काढा, तो निघतो, अन् त्यावर पाय ठेवून उभे राहा. पुढं एक-सव्वा सेंटीमीटर जागा उरली पायजे, अन् करंगळी बाजूनं सुकतळ्याच्या बाहेर लोंबली नाही पायजे. पळताना पाय पुढं सरकते अन् गरम होऊन फुगते पण, म्हणून ही जागा लागते. ज्या पोरांची अंगठ्याची नखं काळी पडतात त्यांचे शूज बहुतेक आखूड असतात, ते रक्त नखाखाली साचलेलं असते. टाच मात्र घट्ट बसली पायजे, लेस बांधून चाललं अन् टाच वर-खाली झाली की तो जोडा तिथंच ठेवून द्या. "सैल होते वापरून" हे चामड्याच्या चपलेला लागू असेल, पण पळायचा शूज पहिल्या मिनिटाला जिथं टोचते तिथंच पाचव्या किलोमीटरला फोड आणते.

मग दोन हातानं तपासा. शूजचं टोक अन् टाच धरून वाकवा, तो बोटं जिथून वाकतात तिथूनच वाकला पायजे, मधातूनच वहीसारखा दुमडला तर त्यात काही आधार नाही. फडकं पिळतो तसा पिळून पाहा, थोडा वळला तर चालते, पूर्ण वळला तर नको. टाचेच्या मागचा कप अंगठ्यानं दाबा, तो लगेच चेपला नाही पायजे. खालचं रबर पाहा, टाचेखाली अन् पंज्याखाली वेगळं कडक रबर लावलेलं असलं तर जोडा जास्त टिकते, नुसत्या फोमचाच तळ असलेले शूज हलके लागतात पण डांबरी रोडवर अन् गिट्टीवर भराभर घासतात. अन् हे सगळं झाल्यावर दुकानाबाहेर शंभर पावलं पळून पाहा, दुकानदाराला सांगून, स्वच्छ जागेवर. पळू देत नसेल तर दुसरं दुकान पाहा.

आता सपाट पाय अन् कमानीचा पाय. ओल्या पायाचा ठसा फरशीवर पाहायचा अन् त्यावरून शूज ठरवायचा, हे सगळीकडं सांगतात. ठसा पाहायला हरकत नाही, पण अमेरिकेच्या लष्करानं नवीन भरती झालेल्या हजारो सैनिकांवर हे करून पाहिलं, एका गटाला तळव्याच्या आकाराप्रमाणं शूज दिले अन् दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे, तर दुखापतीत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. आपल्या पोरांचं ट्रेनिंगही त्याच धाटणीचं असते म्हणून मला हे महत्त्वाचं वाटते. म्हणून कोणी तुमचा तळवा पाहून "तुले हाच लागते" म्हणून चार हजाराचा जोडा गळ्यात मारत असेल तर घाई करू नका. तीन-चार जोड्यात पळून पाहायचं अन् ज्यात पायाला काहीच वेगळं जाणवत नाही, काही लक्षातच येत नाही, तो घ्यायचा. अंगावर आराम लागणारा जोडा, हीच खरी परीक्षा. ज्यांचा पाय खरंच दुखते, किंवा जे आधीच डॉक्टरनं सांगितलेला सुकतळा वापरतात, त्यांनी मात्र डॉक्टरला विचारूनच बदल करावा.

शूजच्या तळात गादी किती पायजे हे पण लोक विचारतात. लक्झेंबर्गमध्ये 848 धावपटूंना दिसायला सारखेच पण कमी-जास्त गादीचे शूज देऊन सहा महिने पाहिलं तर कडक शूजवाल्यांना दुखापतीचा धोका जास्त आढळला. म्हणून पीटीचे पांढरे कॅनव्हासचे शूज घालून रोज रोडवर पळू नका, त्याचा तळ चपटा अन् पातळ असते, ते कवायतीसाठी आहेत. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. आपल्याकडं पांदण रस्ता, गिट्टी, वावराचा धुरा, उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या हातभर भेगा, अशा जाग्यावर उंच अन् मऊ फोमचा शूज डुगडुगते अन् घोटा मुरगळते. बेताची गादी अन् रुंद तळ बरा. आत्तापर्यंत जाड टाचेचे शूज वापरत असाल तर एकदम चपट्या शूजवर उडी नका मारू, पोटरी अन् टाचेच्या वरची शीर दोन्ही ताणल्या जातात, पहिले काही हप्ते थोडंथोडं अंतर त्यात करा.

स्पाईकचं, म्हणजे तळाला खिळे असलेल्या शूजचं, भूत पण बऱ्याच जणांच्या डोक्यात असते. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर अन् दोघांना 100 मीटर आहे, एसआरपीएफला, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाला, 5 किलोमीटर. त्याची रोजची तयारी साध्या रनिंग शूजमध्येच होते. फुटबॉलचे स्टडवाले, जिमचे अन् कॉलेजात मिरवायचे जाड स्निकर हे तिन्ही पळायचे नाहीत.

पैशाचा हिशोब असा करा. साधारण चांगला रनिंग शूज 500 ते 800 किलोमीटर काढते. हप्त्याला 40 किलोमीटर पळत असाल तर 600 किलोमीटर साडेतीन महिन्यात संपतात, म्हणजे जो पोट्टा "एक जोडा दोन वर्ष काढला" म्हणते तो त्यातलं बरंच मेलेल्या शूजवर पळलेला असते. 2400 रुपयांचा जोडा 600 किलोमीटर गेला तर किलोमीटरला 4 रुपये पडले, अन् 700 चा जोडा दीडशे किलोमीटरलाच तळ सोडून बसला तर साडेचार रुपयांच्या वर. स्वस्ताचा जोडा तर महाग पडलाच, डॉक्टरचा खर्च अजून धरलाच नाही. घरी सोयाबीन किंवा कापूस विकल्याशिवाय हातात पैसा येत नाही हे मला माहीत आहे, म्हणून म्हणतो, मोठ्या कंपनीचं नवीन मॉडेल नको, मागच्या वर्षीचं मॉडेल उतरलेल्या भावात पाहा. सेगा, निव्हिया, डेकॅथलॉनचे रनिंग शूज भरतीच्या पोरांच्या पायात बरेच दिसतात, पण चिन्ह कोणतंही असो, वरचं वाकवणं-पिळणं करूनच घ्या. ऑनलाईन मागवत असाल तर परत करता येते का ते पाहूनच, अन् आल्यावर पहिले घरातच फरशीवर घालून पाहा, मातीत नेला की परत घेत नाहीत.

दोन जोडे परवडत असतील तर आलटून पालटून वापरा, एकाच जागेवर रोज तोच ताण येत नाही अन् पावसाळ्यात एक वाळत असताना दुसरा घालता येतो.

टिकवायचं म्हणाल तर आपल्या भागात शूजचे दोन वैरी, चिखल अन् ऊन. काळी माती ओली असली की तळाला दोन-दोन किलोचा गोळा चिकटते, तो ओढत पळाल तर मांडी अन् कंबर दोन्ही बोलतात, म्हणून पावसाळ्यात मुरमाचा नाहीतर डांबरी रोड धरा. चिखल लागला तर ओला असताना घासू नका, तो जाळीत अजून आत जाते, सुकू द्या मग काडीनं खरवडून जुन्या दात घासायच्या ब्रशनं झटका. धुवायचे तर थंड पाण्यात हातानं, सुकतळा अन् लेस काढून. सुकवताना आत पेपरचे बोळे भरा, भिजले की बदला, अन् सावलीत ठेवा. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या वर जाते, त्या उन्हात टिनावर ठेवलेल्या शूजचा गोंद सुटते अन् फोम कडक होते. पळून आल्यावर तळ पण पाहत जा, बाभळीचा काटा फोममध्ये शिरून बसते अन् दोन दिवसांनी पायात लागते, गोखरू तर रोजचाच आहे.

मोजे. आपण कापूस पिकवणारे लोक, तरी सांगतो, पळताना सुती मोजे नको. सुती मोजा घाम पिऊन ओलाच राहते, मग कातडी घासून फोड येतात. पॉलिस्टरचे खेळायचे पातळ मोजे घ्या, अन् शूज घ्यायला जाल तेव्हा तेच घालून जा, कारण जाड-पातळ मोज्यानं माप बदलते.

मुलींबद्दल वेगळं बोलायचं आहे. आमच्याकडं एक पोट्टी आठ महिने मोठ्या भावाच्या जुन्या शूजमध्ये पुढं कापड कोंबून पळत होती, कारण घरी म्हणे "आहेत ना शूज." भावाचा जोडा त्याच्या पायासारखा घासलेला असते, अन् मुलींची टाच बहुतेक अरुंद असल्यानं ती आत नाचते. तिला तिच्या मापाचा जोडा आणून दिला तर म्हणाली, "दादा, पाय हलका झाल्यासारखा वाटते." आईबापांना हात जोडून सांगतो, पोरगी पहाटे अंधारात उठून पळते, तिला तिचा स्वतःचा जोडा घेऊन द्या. मुलींच्या मापात पसंत पडला नाही तर मुलांचा लहान नंबर पण चालते, टाच घट्ट बसली म्हणजे झालं.

दुखणं कोणतं सोसायचं अन् कोणतं नाही, हे पण समजून घ्या. दोन्ही पोटऱ्या भरून आल्या अन् दोन दिवसात गेल्या, तर ते मेहनतीचं. सकाळी झोपेतून उठून पहिलं पाऊल टाकताच टाचेखाली कळ येत असेल, तर अंतर कमी करा अन् शूज तपासा. पण नडगीवर एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ उठते, बसल्या जागी, रात्री झोपेतही दुखते, तर त्या दिवशीच पळणं बंद अन् हाडाच्या डॉक्टरकडं, कारण हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते अन् ती नवीन शूजनं भरून येत नाही.

अन् मैदानीच्या दिवशी कोरा जोडा घालून जाऊ नका. 2024 मध्ये पोलीस भरतीची मैदानी 19 जूनला सुरू झाली होती, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर, म्हणून ओल्या ग्राऊंडवर घसरणार नाही असा, नक्षी शाबूत असलेला अन् तीन हप्ते आधीपासून पायात मुरलेला जोडा ठेवा. मी आता सगळ्यांना शूजच्या जिभेच्या आतून मार्करनं घेतल्याची तारीख लिहायला लावतो. परवा एकाची नडगी दुखायला लागली, जीभ उलटून पाहिली अन् तिथंच बसून हप्त्याचे किलोमीटर जोडले तर सातशेच्या वर गेले होते. शनिवारी तो मापाचा कागद खिशात घालून बाजाराला जाणार आहे.