केस स्टडी लिहिताना आधी तारीख पाहा

एमबीएच्या दुसऱ्या सत्रात मार्केटिंगच्या इंटर्नलसाठी आम्हाला टाटा नॅनोची केस, म्हणजे त्या गाडीच्या विक्रीची अभ्यासासाठी लिहिलेली हकिगत, दिली होती. ती डिसेंबर २०१० मध्ये येऊन थांबत होती आणि शेवटी एकच प्रश्न होता: विक्रीची जबाबदारी तुमच्यावर असती, तर पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही काय केले असते? मी चार दिवस खपून अकरा पानांचा अहवाल लिहिला. तो परत आला तेव्हा पहिल्याच पानाच्या समासात सरांनी पेन्सिलीने लिहिले होते, "हे डिसेंबर २०१० मध्ये कोणाला ठाऊक होते?" पुढच्या पानांवर तोच प्रश्न नुसत्या प्रश्नचिन्हाने आणखी सहा ठिकाणी विचारलेला होता. २० पैकी ६ गुण मिळाले. त्या दुपारी वाटलेली शरम मी अजून विसरलेले नाही, आणि आता ज्युनिअर मुले-मुली आपले मसुदे दाखवायला येतात तेव्हा त्यांतही बहुतेक वेळा हीच चूक दिसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्वॉट (बलस्थाने, दुबळ्या बाजू, संधी आणि धोके मांडायची चौकट) म्हणजे काय, अहवालात कोणते भाग असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालते. मला अडवले ते यांपैकी कशानेही नाही.

नॅनोची गोष्ट आपल्याला शेवटापर्यंत माहीत आहे, आणि अडचण तिथेच सुरू होते. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत रतन टाटांनी ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आणली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टाटा मोटर्स कंपनीने पश्चिम बंगालमधले सिंगूर सोडले, नॅनोचा कारखाना गुजरातमधल्या साणंदला गेला आणि मार्च २००९ मध्ये मुंबईत गाडीचे विक्रीसाठी अनावरण झाले. पुढे ती चालली नाही. जून २०१८ मध्ये तर महिनाभरात एकच नॅनो तयार झाली. 'सर्वांत स्वस्त गाडी' ही ओळख भोवली, हे रतन टाटांनी नंतर स्वतः बोलून दाखवले. मी हाच निष्कर्ष पहिल्या परिच्छेदात मांडला, उरलेल्या दहा पानांत केसमधले त्याला जुळेल तेवढेच वेचून घेतले आणि शेवटी गाडी बंद करण्याची शिफारस केली.

वाचताना हे सगळे पटण्यासारखे वाटते, आणि म्हणूनच ही चूक स्वतःच्या स्वतःला सापडत नाही. शेवट ठाऊक असला की आपण पुरावा तोलणे थांबवतो. केसमधल्या माणसापुढे त्या दिवशी चार-पाच कारणे सारख्याच ताकदीने उभी असतात आणि त्यांतले कोणते खरे हे त्याला अपुऱ्या माहितीवर ठरवायचे असते. हे ठरवणे म्हणजेच विश्लेषण. आपण पुढची वर्तमानपत्रे वाचून आलेलो असतो, त्यामुळे आपल्याला एकच कारण दिसते आणि बाकीची कारणे तपासण्याची गरजच भासत नाही. मी तर केसच्या शेवटी जोडलेले विक्रीचे तक्ते उघडूनही पाहिले नव्हते. उत्तर आधीच हातात असताना तक्ते कशाला पाहायचे, असे मला मनापासून वाटले होते.

अहवाल पुन्हा लिहायची संधी मिळाली तेव्हा मी प्रथम ते तक्ते घेऊन बसले. नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरात ५०९ नॅनो विकल्या गेल्या होत्या, तर त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सुमारे ९,०००. ही घसरण पाहून कोणीही गाड्यांना लागलेल्या आगींकडे बोट दाखवील, कारण मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी निघालेली नवी कोरी नॅनो रस्त्यातच पेटली होती. पण साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला २,५०,००० गाड्यांची होती, म्हणजे महिन्याला जवळपास २०,८००. हा भागाकार मी वहीच्या कोपऱ्यात केला आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. जुलैच्या त्या चांगल्या महिन्यातसुद्धा विक्री क्षमतेच्या निम्म्यावर पोहोचली नव्हती. कारखाना जूनमध्येच सुरू झाला होता, त्यामुळे जुलैत पूर्ण उत्पादनाची अपेक्षा धरता येत नाही हे खरे. तरीही आगींनी मागणी मोडली असे म्हणण्याआधी, मुळात मागणी किती होती हे विचारणे भाग पडले.

तिथून दुसरा धागा सापडला. २००९ च्या एप्रिलमध्ये २ लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरून नोंदणी केली होती आणि त्यांतून १ लाख जणांना सोडतीने गाडी मिळणार होती. म्हणजे तोपर्यंतच्या विक्रीत जुन्या रांगेचा मोठा वाटा होता. नवा ग्राहक शोरूममध्ये येऊन, पैसे मोजून गाडी घेऊन जाईल, ही सोय २०१० च्या अखेरीस काही राज्यांतच होती. स्कूटरवरून गाडीवर येऊ पाहणाऱ्या कुटुंबाला कर्ज मिळणे अवघड होते, आणि तालुक्याच्या गावी विक्रेता जवळ नव्हता. आता प्रश्न असा झाला: रांग संपत आल्यावर पुढचा ग्राहक कोणत्या वाटेने यायचा? डिसेंबरात कंपनीने ४ वर्षांची वॉरंटी जाहीर केली, ती भीती कमी करण्यासाठी उपयोगी होती. वाट मात्र त्याने तयार होत नव्हती. ही मांडणी त्या दिवशीच्या माहितीवर करता येते आणि तिच्यावरून सहा महिन्यांचे काम ठरवता येते.

'स्वस्त गाडी' हे कारण मग अहवालातून काढून टाकायचे का? अजिबात नाही. 'लाखाची गाडी' हे नाव २००८ पासून सगळ्यांच्या तोंडी होते, त्यामुळे तो मुद्दा त्या काळाच्या पुराव्यावर खुशाल मांडा, फक्त नंतरच्या कबुलीचा आधार घेऊ नका. मी आता केस वाचायला घेतली की कोऱ्या कागदावर सर्वांत वर निर्णयाची तारीख लिहिते आणि अहवाल पूर्ण झाल्यावर प्रत्येक वाक्याला विचारते की हे त्या तारखेला कोणाला माहीत असणे शक्य होते. नंतरच्या घटना लिहायलाच सांगितल्या असतील, तर शिफारशींनंतर वेगळ्या मथळ्याखाली लिहाव्यात.

बाकीच्या भागांबद्दल थोडक्यात. कंपनीचा इतिहास अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नका. तपासणाऱ्याने केस वाचलेली असते. 'विक्री घटली' ही समस्या म्हणून लिहू नका, ते लक्षण आहे. शिफारशीत कोण, कधीपर्यंत आणि किती खर्चात काय करणार हे नसेल, तर ती शिफारस म्हणून मोजली जात नाही.

आणि सिनिअरांच्या फायलींबद्दल स्पष्टच सांगते: त्या घेऊ नका. मी घेतली होती, आणि स्वॉटचे चार चौकोन भरून दोन पाने जागा अडवायची सवय मला तिथूनच लागली. इंटरनेटवरची तयार उत्तरे त्याहून घातक, कारण ती जवळजवळ सगळी शेवट ठाऊक असलेल्यांनी लिहिलेली असतात. मसुदा वाचून नुसते 'छान झालाय' म्हणणाऱ्या मार्गदर्शकाचा तुम्हाला काही उपयोग नाही. पेन्सिल घेऊन बसणारा एक जण शोधा, तो कडक असला तरी चालेल. पहिल्या अहवालाला कमी गुण मिळाले तर घाबरू नका, ही चूक एकदा दाखवून दिली की पुढच्या केसमध्ये ती तुमची तुम्हालाच दिसू लागते. मलाही तसेच झाले, आणि माझी सुरुवात तर ६ गुणांवरून होती.

पुन्हा लिहिलेल्या अहवालाला १४ गुण मिळाले. उरलेले ६ कर्जाच्या भागात गेले: बँकांशी करार करावा असे मी लिहिले होते, पण दरमहा हप्ता किती बसेल आणि स्कूटरचा हप्ता भरणाऱ्या कुटुंबाला तो झेपेल का, याचा हिशोब मांडला नव्हता. या खेपेस समासात सरांनी एवढेच लिहिले होते, "हप्ता काढून दाखवा."