जुना फोटो जिंपमध्ये साफ करायचाय? इथून सुरुवात करा

प्रत्येक घरात एक तरी असा फोटो असतोच, कपाटाच्या तळाशी पडलेला, पिवळट, कोपरे दुमडलेले, कुठेतरी कसर लागलेली. एडिटिंग शिकायचंय म्हणणाऱ्याला मी आधी तोच बाहेर काढायला सांगते, कारण आपल्या माणसाचा चेहरा समोर असला की हात आपोआप जपून चालतो. मी स्वतः पणजीच्या फोटोवर शिकले. सॉफ्टवेअर जिंप, पूर्ण फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं.

आधी स्कॅन. मोबाईलने फोटोचा फोटो काढला तर चकाकी येते आणि कडा तिरक्या होतात, त्यापेक्षा झेरॉक्सवाल्याकडे जा आणि ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅन करून द्या म्हणून सांगा. ३ बाय ४ इंचाच्या फोटोचे १८०० बाय २४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० डीपीआयने ६ बाय ८ इंचाची छान प्रिंट निघते. फोटो अल्बमला चिकटला असेल तर अजिबात ओढू नका, पानासकट स्कॅन करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर. फाईल उघडली की पहिलं काम म्हणजे शिफ्ट-कंट्रोल-डी, की त्याच फोटोची दुसरी प्रत वर येऊन बसते, जे काय करायचं ते तिच्यावर, खालच्या मूळ लेयरला हात लावायचा नाही. लेयरच्या शेजारी डोळ्याचं चित्र असतं, त्यावर क्लिक केलं की वरची प्रत लपते आणि आधी कसं होतं ते दिसतं, हे दर पाच मिनिटांनी करायचं. मी पहिल्या वेळी सरळ स्कॅनवरच काम केलं, त्याच नावाने सेव्ह केलं, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर पणजीचा गाल प्लास्टिकसारखा गुळगुळीत, आणि मूळ फोटो तोपर्यंत मामा गावी परत घेऊन गेलेला.

मग कलर्स मेनूत लेव्हल्स. तिथे फोटोतला गडद-उजळपणा दाखवणारा आलेख असतो, त्याच्याखाली तीन छोटे त्रिकोण असतात, डावा आणि उजवा आत सरकवत जिथे आलेखाचा डोंगर सुरू होतो तिथपर्यंत आणायचे, फिकट फोटोत लगेच जीव येतो. पिवळेपणा नकोच असेल तर रंग काढून फोटो काळापांढरा करणारं डीसॅच्युरेट आहे, पण मला विचाराल तर थोडा राहू द्या, जुन्या फोटोला तो शोभतो.

डाग आणि चिरांसाठी हील टूल, एच दाबा. कंट्रोल धरून जवळच्याच चांगल्या भागावर क्लिक करायचं, मग कंट्रोल सोडून डागावर ब्रश टेकवायचा. ब्रश डागापेक्षा जेमतेम मोठा हवा, चौकोनी कंसाच्या दोन बटणांनी लहानमोठा होतो. लांब रेघ ओढू नका, एकेक ठिपका टेकवत जा. जिथे पदराचा काठ किंवा केसांची कड येते तिथे हील गडद रंग पसरवतं, तिथे क्लोन टूल, ते उचललेला भाग जसाच्या तसा उमटवतं, त्यासाठी सी दाबा.

आणि घाई करू नका हो. पणजीच्या हनुवटीवर तीन बारीक ठिपके होते, मी शाईचे डाग समजून पुसून टाकले, आई मागे उभी होती, ती म्हणाली अगं ते गोंदण आहे तिचं. कंट्रोल-झेड होतं म्हणून परत आलं. कपाळ, हनुवटी, हात, इथला कुठलाही ठिपका पुसायच्या आधी विचारा, देवीचे व्रण असतात, तीळ असतात, मशीनला त्यातलं काही कळत नाही.

सेव्ह केलं की एक्ससीएफ, म्हणजे जिंपची स्वतःची फाईल होते, तिच्यात सगळे लेयर शाबूत राहतात, ती जपून ठेवा. प्रिंटसाठी जेपीईजी हवी तर एक्सपोर्ट करायचं, आणि नाव वेगळं द्यायचं. प्रिंटला देण्याआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला स्क्रीनवर दाखवा आणि चेहरा फोटोतल्या माणसाचाच वाटतो का ते विचारा, नाही म्हणाले तर वरचा लेयर लपवून परत बघा कुठे जास्त झालं.