जुनी लायका (जर्मन फिल्म कॅमेरा) घेताय? या चुका टाळा

कॅमेऱ्याच्या वरच्या पत्र्यावर कोरलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्याने 1932 साली लायका 2 आणि 1933 साली लायका 3 बाजारात आणली. 1934 पासून खारकिव्हमध्ये त्याच धर्तीचा ‘फेड’ बनू लागला, 1948 साली ‘झोर्की’ आला. या सोव्हिएत कॅमेऱ्यांवरचं नाव घासून त्यावर ‘लायका’ कोरलेले, सोनेरी मुलामा दिलेले, जर्मन हवाई दलाचे शिक्के मारलेले नमुने पुष्कळ फिरतात. जितका झगमगाट, तितका संशय धरा.

लेन्स फिरवून काढा आणि आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरचा (अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेचा) दांडा पाहा. अस्सल लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असतं, फेड-झोर्कीत पाचरीसारखा तुकडा. लेन्सही सांगते: लायकाच्या 50 मिमी एल्मार लेन्समध्ये अ‍ॅपर्चरची (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राची) पाती पहिल्या काचेमागे, सोव्हिएत लेन्समध्ये दुसऱ्या काचेमागे. उलट फसगतही होते. नंबर जुना, रेंजफाइंडर येण्याआधीचा, पण रेंजफाइंडर आहे, म्हणजे बनावटच, असं धरू नका. कारखाना जुने कॅमेरे सुधारून द्यायचा आणि नंबर तोच राहायचा.

आता वापराकडे. मागचं झाकण उघडत नाही, रोल खालून भरायचा असतो. आजच्या रोलची पुढची अरुंद पट्टी त्यासाठी आखूड पडते. तसाच कोंबला तर फिल्म आत अडकते, फाटते, तिचे तुकडे शटरपर्यंत जातात. ती पट्टी त्याच कडेने साधारण 10 सेंमी लांब कापा. कापाचं शेवटचं वळण फिल्मच्या कडेच्या भोकातून जाऊ देऊ नका. भरल्यावर ढिली फिल्म रिवाइंडच्या (फिल्म परत गुंडाळायच्या) गुंडीने ताणून घ्या. पुढची फ्रेम घेताना ती गुंडी उलटी फिरली, तरच फिल्म सरकतेय.

शटरचा स्पीड नेहमी फिल्म पुढे घेतल्यानंतर, चकती उचलून लावा. आधी वाचलेला आकडा खोटा असतो. शटर सुटताना ही चकती स्वतः फिरते. तिला बोट लागलं की एक्स्पोजर बिघडलंच.

शटरचा पडदा रबर लावलेल्या कापडाचा. उघडी लेन्स उन्हाकडे राहिली तर त्याला भोक पडतं आणि प्रत्येक निगेटिव्हवर ठरावीक जागी काळा ठिपका येतो. पडदे दोन आहेत, म्हणून विकत घेताना फिल्म पुढे घेण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा भेगा-सुरकुत्या तपासा. मंद स्पीड रेंगाळत असतील तर बहुधा आतलं वंगण सुकलंय. तेलाचा फवारा मारू नका, ते पडद्यावर उतरतं; उघडून साफ करून घेणं हाच इलाज. कोकणच्या पावसाळ्यात चामडी कव्हरात ठेवलात तर लेन्सला बुरशी येईल, म्हणून सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा.

आणि झिजून पितळ दिसतंय म्हणून नवा रंग देऊ नका. संग्राहक पैसे मोजतात ते त्या मूळ रंगाचे.