पॉलिसी कपाटात, पत्रे शेतात: जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांनी विम्यातल्या या चुका टाळाव्यात

जिल्हा परिषद, पंचायत समिती किंवा नगरपरिषदेत विम्याची फाईल ज्याच्या टेबलावर येते, त्याला ती नको असते. आधीच्या लिपिकाची बदली झालेली असते. कपाटातून जुनी पॉलिसी निघते, ‘नूतनीकरणास मंजुरी असावी’ अशी टिपणी लिहिली जाते, गेल्या वर्षीचे आकडे तसेच खाली उतरतात आणि लेखापरीक्षणात परिच्छेद लागणार नाही एवढी खात्री झाली की फाईल बंद. पॉलिसीच्या अटी कोणी उघडतं ते नुकसान झाल्यावर. खालच्या बहुतेक चुका याच सवयीच्या पोटी जन्मतात.

उन्हाळ्याची सुट्टी आणि ३० दिवस

शाळेच्या इमारतीचा विमा बहुधा ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ पॉलिसीत असतो. नावात आग असली तरी वीज पडणं, वादळ, पूर, दरड, दंगल हेही तिच्यात येतं. भूकंप आणि दहशतवाद मात्र जादा हप्ता भरून मागून घ्यावे लागतात. इथपर्यंत एजंटही सांगतो. तो सांगत नाही ती अट अशी: इमारत सलग ३० दिवसांपेक्षा जास्त काळ वापराविना बंद राहिली आणि त्याआधी कंपनीची लेखी मान्यता घेतलेली नसेल, तर संरक्षण थांबतं.

आता शाळेचं वर्ष बघा. मेच्या सुरुवातीला सुट्टी लागते, जूनच्या मध्यावर शाळा उघडते, विदर्भात त्याहून उशिरा. चाळीस दिवस सहज भरतात. वळवाचा पाऊस आणि सोसाट्याचा वारा येतो तोही याच दिवसांत, म्हणजे कुलूप लागून महिना होत आलेला असताना.

पुढे प्रकरण ठरल्यासारखं उलगडतं. पत्रे उडून शेजारच्या शेतात पडतात. सरपंच मुख्याध्यापकांना फोन करतात, ते गावी गेलेले असतात. तलाठी आणि ग्रामसेवक पंचनामा करतात, त्यात ‘अंदाजे नुकसान दोन लाख’ एवढी एक ओळ. मुख्याध्यापकांचं पत्र केंद्रप्रमुखांकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि शेवटी विम्याच्या टेबलावर. तोवर शाळा सुरू व्हायची वेळ झालेली असते, म्हणून गावकरी चांगल्या मनाने आवार साफ करतात आणि वाकलेले पत्रे भंगारात जातात. कंपनीने नुकसान मोजायला पाठवलेल्या सर्व्हेअरला दिसतं ते उघडं छप्पर आणि झाडून काढलेलं पटांगण. तो विचारतो, ही इमारत शेवटची कधी उघडली होती? सूचना ताबडतोब आणि तपशीलवार दावा १५ दिवसांत द्यायचा असतो, तो का आला नाही? मोडलेला माल कुठे आहे? तिन्ही प्रश्नांना उत्तर म्हणून त्याच्यासमोर चहा ठेवला जातो.

यावर करायचं ते एप्रिलमध्येच. दुसऱ्या आठवड्यात कंपनीला पत्र द्या: शाळांची यादी, बंद राहण्याच्या तारखा आणि ‘या काळात संरक्षण चालू राहील’ अशा एंडोर्समेंटची, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या लेखी बदलाची, मागणी. फोनवरचं ‘होऊन जाईल साहेब’ म्हणजे एंडोर्समेंट नव्हे. सुट्टीत दर आठवड्याला शिपायाने, पोषण आहाराच्या ताईंनी किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याने कुलूप उघडून वर्गांतून फेरी मारावी आणि वहीत तारीख, वेळ घालून सही करावी. ही वही एंडोर्समेंटची जागा घेत नाही, पण वाद झाला तर तीच कामाला येते.

नुकसानीची सूचना मुख्याध्यापकांनीच पॉलिसी क्रमांक घालून कंपनीच्या ईमेलवर थेट पाठवावी, वरिष्ठांना फक्त प्रत. सूचना म्हणजे दावा नव्हे. तिला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. फोटो आधी लांबून चारही बाजूंनी, मग जवळून, शेजारी मीटर टेप धरून. पडलेले पत्रे मोजून एका खोलीत ठेवायचे. पंचनाम्याला शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक जोडायचं: पत्रे किती, कोणत्या जाडीचे, अँगल किती मीटर, जे-हुक किती. ‘अंदाजे’ या शब्दावर कोणी पैसे देत नाही.

शून्य पटामुळे बंद पडलेल्या शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली वर्षानुवर्षं रिकामी निवासस्थानं यांनाही हीच अट लागते. त्यांचा हप्ता मात्र कोणीही न विचारता दरवर्षी भरला जातो.

मंजुरी म्हणजे हप्ता नव्हे

विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता आधी मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम घेता येत नाही. टिपणीवरची सही, पारित झालेलं देयक, ‘धनादेश काढण्यात येत आहे’ असं पत्र, यातल्या कशालाही कंपनी हप्ता म्हणत नाही. सरकारी आणि निमसरकारी संस्थांना लेखी हमीवर थोडी सवलत मिळू शकते. पण ती आधी मागावी लागते आणि कंपनीने लेखी मान्य करावी लागते. अपघातानंतर ती आठवून उपयोग नाही.

गाड्यांच्या पॉलिसी ३१ मार्चला संपतात तिथे हा घोळ हमखास होतो. मार्चअखेरच्या ढिगात हप्त्याचं देयक तळाशी जातं, एप्रिलमध्ये नवी तरतूद वाटप होईपर्यंत अर्थ विभाग हात वर करतो. रुग्णवाहिका मात्र १ एप्रिललाही पळते. त्या दिवसांत तिची धडक कुणा दुचाकीस्वाराला बसली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती सगळी संस्थेच्या स्वनिधीतून जाते.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, ‘आपली सरकारी गाडी आहे, तिला विमा लागत नाही.’ मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मधली थेट सूट केंद्र आणि राज्य सरकारच्या मालकीच्या, व्यापारी कामासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाड्यांना आहे. जिल्हा परिषद आणि नगरपालिका ही स्थानिक प्राधिकरणं. त्यांना सूट हवी तर सरकारचा तसा आदेश लागतो आणि भरपाईसाठी संस्थेने स्वतःचा निधी उभारून चालू ठेवलेला असावा लागतो. असा आदेश दाखवा म्हटलं की टेबलावर शांतता पसरते. विम्याविना गाडी चालवल्याचा दंड पहिल्यांदा २,००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४,०००, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. भरपाईच्या आकड्यापुढे हा दंड किरकोळ आहे, पण गाडी रस्त्यावर काढणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव त्यात येतं.

म्हणून हप्ता फेब्रुवारीतच भरावा. नवी पॉलिसी जुनी संपल्यावरच सुरू होते, लवकर भरल्याने दिवस वाया जात नाहीत. दोन पॉलिसींमधला खंड ९० दिवसांच्या पुढे गेला तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही जाते आणि जुन्या, विनाअपघात गाडीला ती ५० टक्क्यांपर्यंत पोचलेली असू शकते. सगळ्या गाड्यांचा एकच तक्ता भिंतीवर लावा: पॉलिसीची शेवटची तारीख, फिटनेस, पीयूसी आणि चालकाच्या परवान्याची मुदत. परवान्याचा रकाना गाळू नका. वाहतूक वाहनाचा परवाना पाच वर्षांचाच असतो आणि कंत्राटी चालकाचा कधी संपला हे ठेकेदारालाही ठाऊक नसतं. परवाना नसताना अपघात झाला की न्यायाधिकरण बरेचदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. ती वसुलीची नोटीस दोन-तीन वर्षांनी, भलत्याच अधिकाऱ्याच्या काळात येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोंपर्यंतचं वाहतूक वाहन चालवता येतं असं स्पष्ट केलं, त्यामुळे एक जुना वाद मिटला. मुदत संपलेल्या परवान्याला त्याचा आधार मिळत नाही.

मालमत्ता नोंदवहीतल्या किमतीवर विमा

नोंदवहीत इमारत पंचवीस वर्षांपूर्वीच्या बांधकाम खर्चाला असते आणि विमाही तेवढ्याचाच काढला जातो. हप्ता कमी बसतो म्हणून सगळे खूश. आज तीच इमारत चालू जिल्हा दरसूचीने बांधायला ६० लाख लागतात आणि विमा १५ लाखांचा आहे असं धरा. आगीत ८ लाखांचं नुकसान झालं. कंपनी ८ लाख देणार नाही. विमा चौथाईचा म्हणून नुकसानही चौथाई, म्हणजे २ लाख, आणि त्यातूनही पॉलिसीतली वजावट. यात कंपनीची लबाडी नाही, पॉलिसीत ‘ॲव्हरेज’ची, म्हणजे विमा जितका कमी तितकी भरपाई कमी, अशी अट लिहिलेली असते. एका जागेवरची सगळी मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर २०२१ पासून आलेली ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी लागू होते का ते विचारा. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ आहे. १५ टक्के, ७५ नाही.

चालू दराने विमा काढला तरी एक फट उरते. पुनर्बांधणी मूल्याच्या कलमात, म्हणजे घसारा न कापता नव्याने बांधायचा खर्च देणाऱ्या कलमात, काम १२ महिन्यांत पुरं करायची अट असते आणि बांधणार आहोत हे सहा महिन्यांत कळवायचं असतं. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, फेरनिविदा, मधे आचारसंहिता. १२ महिन्यांत आपल्याकडे कार्यारंभ आदेश निघाला तरी नशीब. मुदत चुकली की घसारा वजा करून रक्कम मिळते. म्हणून सर्व्हेअर येऊन गेला की त्याच आठवड्यात ‘पुनर्बांधणी करणार आहोत’ असं पत्र द्यायचं आणि नवव्या महिन्यात लेखी मुदतवाढ मागायची. मुदत टळून गेल्यावर मागितलेली मुदतवाढ ही नुसती विनवणी.

हप्ता वाचवायला वादळ-पुराचं संरक्षण काढून टाकणाऱ्यांनी २०१९ चं सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ चं चिपळूण एकदा आठवावं.

मोडकळीस आलेल्या खोल्या

जुनी भिंत आपल्या वजनाने बसली तर ते फायर पॉलिसीतलं संकट नाही. झीज आणि दुर्लक्ष यांचे पैसे कोणी देत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. धोकादायक खोलीचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून कमी करून पाडणं, प्रस्तावित असेल तर आधी ती खोली रिकामी करून दाराला फळ्या ठोकायच्या, मग प्रस्तावाचा पाठपुरावा. उलट क्रमाने काम करणाऱ्यांना वाटतं, प्रस्ताव पाठवला म्हणजे जबाबदारी टळली. तोच प्रस्ताव पुढे धोका माहीत असल्याचा पुरावा ठरतो. माहीत नव्हतं म्हणावं तर तेही चालत नाही: दिल्लीच्या चांदनी चौकातला महापालिकेचा घड्याळाचा मनोरा पडला, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच सांगून ठेवलंय की रस्त्यालगतच्या बांधकामाचा दोष दिसत नव्हता, ही सबब मालकाला वाचवत नाही.

खड्डे आणि उघड्या मॅनहोलबाबत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूसाठी ६ लाख, तर जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. लोकांना झालेल्या इजेची भरपाई देणाऱ्या आपल्या पब्लिक लायबिलिटी पॉलिसीत रस्ते वगळलेत का, ते आजच बघा.

बाकीचं

चोरी. शाळेतला टीव्ही, टॅब, बॅटऱ्या फायर पॉलिसीत चोरीपासून सुरक्षित नाहीत. घरफोडीची पॉलिसी घेतली तरी बळाने आत शिरल्याची खूण लागते. उघड्या दारातून गेलेल्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत. गुन्हा नोंदवल्यावर पोलिसांच्या ‘अ समरी’चा (गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा अहवाल) पाठपुरावा करा, तिच्याविना फाईल हलत नाही.

ठेकेदार. राज्य शासनाच्या बांधकाम निविदांमध्ये ठेकेदाराने विमा संचालनालयाच्या शासकीय विमा निधीतूनच पॉलिसी घ्यायची अट असते. खासगी कंपनीची आणली तर ती स्वीकारली जात नाही आणि हप्ता देयकातून कापला जातो. सगळ्यात जास्त विसरली जाते ती मुदतवाढ. कामाला सहा महिने वाढवून दिले, पॉलिसी मात्र जुन्याच तारखेला संपली. मुदतवाढीच्या आदेशातच ‘विम्याची मुदतवाढ सादर केल्यावरच पुढील देयक’ असं वाक्य घाला. मजूर दगावला आणि ठेकेदार पळाला तर भरपाई मूळ मालकाकडून, म्हणजे काम देणाऱ्या संस्थेकडून, मागता येते. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातल्या कोष्टकाने ३० वर्षांच्या, महिना १५,००० धरलेल्या मजुराच्या मृत्यूला ती निम्मं वेतन गुणिले वयाचा गुणक, ७,५०० × २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होते. कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, मालकाची जबाबदारी राहिली.

अपहार. फिडेलिटी गॅरंटी पॉलिसीत, म्हणजे कर्मचाऱ्याने केलेल्या अपहाराच्या विम्यात, अपहार ठरावीक काळात, साधारण वर्षभरात, उघडकीला यावा लागतो. आपलं लेखापरीक्षण तीन वर्षं मागे. मग हप्ता कशाचा भरतोय याचा विचार व्हावा.

आग. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निशमन कायद्याखालचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. आग विझवण्याच्या सिलिंडरवर तपासणीविना नुसतं नवं स्टिकर चिकटवून घेणारे लोक आहेत.

देणगीची रुग्णवाहिका. हार घालून, फीत कापून गाडी ताब्यात येते, आरसी मात्र देणाऱ्या संस्थेच्याच नावावर राहते. तृतीय पक्षाचा, म्हणजे अपघातात दुसऱ्याला झालेल्या इजेचा, विमा गाडीबरोबर येतो, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा येत नाही. हस्तांतरणानंतर १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्या. आणि पुरात बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. पाणी इंजिनात खेचलं गेलं तर कंपनी ते पुराचं नाही, चालकाने केलेलं नुकसान म्हणते. बॅटरीची तार काढा, काचेवर पाण्याची रेघ दिसेल असा फोटो घ्या आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्या.