बॅरल क्रायो करून घेताय? आधी या चुका टाळा

२०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं, त्यानंतर आमच्या रेंजवर पॉइंट टू टू (.२२ ची लहान काडतुसाची रायफल) शिकायला येणारी पोरं वाढली, आणि त्यांच्यातलं कुणी ना कुणी विचारतंच की सर बॅरल (रायफलची नळी) क्रायो करून आणू का, ग्रुप (कागदावर गोळ्यांचा पसारा) लहान होतो म्हणतात. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन रायफल घेऊन दिलेली असते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

क्रायोमध्ये लिक्विड नायट्रोजन वापरून बॅरल सावकाश उणे १८५-१९० डिग्रीपर्यंत थंड करतात, दिवसभर तसंच ठेवतात आणि तितक्याच सावकाश वर आणतात.

पहिली चूक म्हणजे टूलरूममधला अनुभव बॅरलला लावणं. एमआयडीसीत काम करणारे मामा सांगतात की डी-२ या टूल स्टीलचे पंच क्रायो केल्यावर जास्त टिकतात, आणि ते बरोबरच आहे, कारण डी-२ मध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो, हार्डनिंग झाल्यावरही बराच ऑस्टेनाइट (स्टीलची मऊ रचना) तसाच उरतो आणि या थंडीत त्याचा मार्टेन्साइट (कडक रचना) होतो. बॅरलचं स्टील वेगळं. ४१४० या बॅरलच्या स्टीलमध्ये कार्बन ०.४ टक्के, ४१६ स्टेनलेसमध्ये ०.१५ पेक्षाही कमी, वर चांगलं तापवून टेम्पर केलेलं, कडकपणा ३० रॉकवेलच्या आसपास. तिथं बदलायला ऑस्टेनाइट जवळपास उरलेलाच नसतो.

मग म्हणतात, आतला ताण जातो. बटन रायफलिंग करताना, म्हणजे कडक बटन नळीतून ओढून आतल्या खाचा पाडताना, स्टीलमध्ये ताण बसतो हे खरं, पण तो काढायला बॅरल ५०० डिग्रीच्या वर तापवावं लागतं आणि चांगले मेकर ते करूनच देतात. गारठलेल्या स्टीलमध्ये अणूंना हलायला बळच नसतं, ताण सुटणार कसा? शिवाय ताणामुळे नेम सरकतो तो मुख्यतः बॅरल तापल्यावर, म्हणजे पातळ बॅरलच्या शिकारी रायफली, मोठं काडतूस, तिथला प्रश्न. आपलं पॉइंट टू टू चं जाड मॅच बॅरल तेवढं तापतच नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती टेस्टमध्ये. आधी पाच गोळ्यांचा एक ग्रुप, नंतर एक ग्रुप, २० मिमीचा १२ झाला की झालं, क्रायो लागू पडलं! अरे पण सरासरी १६ मिमीचा ग्रुप देणारी रायफल काहीही न बदलता कधी १२ देते कधी २०, पाच गोळ्यांच्या ग्रुपमध्ये एवढा चढउतार असतोच, तीन गोळ्यांच्या ग्रुपमध्ये तर आणखी जास्त. निदान दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच ग्रुप काढा, त्याच लॉटच्या (कारखान्यातल्या एकाच खेपेच्या) गोळ्यांनी, सकाळच्या त्याच वेळी, वारा बघून.

आणि क्रायोसाठी बॅरल काढलं की परत बसवताना अ‍ॅक्शनचे (बोल्ट बसतो त्या भागाचे) स्क्रू नीट टॉर्कनं आवळले जातात, आतलं शिसं साफ होतं, मग जो फरक पडतो त्याचं श्रेय थंडीला मिळतं. माझ्या ओळखीच्या एका पोराचं अगदी असंच झालं, रायफल सुधारली म्हणून तो खूश होता आणि मूळ दुखणं फक्त ढिल्या स्क्रूचं होतं, मला फार वाईट वाटलं कारण तेवढ्या पैशात त्याच्या कितीतरी गोळ्या आल्या असत्या.

म्हणून ग्रुप फाकायला लागला की आधी स्क्रू बघा, मग क्राऊन म्हणजे नळीच्या तोंडाची कड (तोंडाच्या बाजूनं रॉड घालून साफ करणाऱ्यांचा क्राऊन हमखास खराब होतो), मग चेंबरपुढचं (काडतूस बसतं त्या जागेपुढचं) शिसं, आणि मग लॉट. लॉटवर खर्च करायला मागेपुढे बघू नका. त्याच ब्रँडच्या, त्याच प्रकारच्या गोळ्यांचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगवेगळे ग्रुप देतात, म्हणून तर मोठे शूटर जर्मनीत शोनेबेकला किंवा इंग्लंडात बर्मिंगहॅमला रायफल घेऊन जाऊन लॉट निवडतात. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, खरा फरक तिथं पडतो.

एक कळकळीनं सांगतो, गावात जनावरांच्या डॉक्टरकडे रेतनासाठी नायट्रोजनचा कॅन असतो, तो आणून घरी बॅरल बुडवायचा विचारही करू नका. एकदम गारठून स्टीलला तडा जाऊ शकतो, आणि एक लिटर नायट्रोजनचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, बंद खोलीत श्वास कोंडून माणूस जाऊ शकतो. मेकरनं कारखान्यातच क्रायो करून दिलेलं बॅरल तुमच्याकडे असेल तर असू दे, त्यानं नुकसान काही नाही.